यातलं माझं किती

माझ्या भावाला कुणी चूक दाखवलेली लहानपणापासून खपत नाही. चहा उतू गेला तर दोष शेगडीचा, चष्मा सापडला नाही तर दोष चष्म्याचा. आमच्या वहिनीने सगळा संसार 'तुमचंच बरोबर' या दोन शब्दांवर निभावून नेला आणि ती गेली. मला ते दोन शब्द कधी जमले नाहीत, म्हणून आमची रोज वाजते.

पण पियानोपुढे बसल्यावर दादाला चूक दाखवायची वेळ खरंच कुणावर आली नव्हती. मुलींच्या नाचाच्या शाळेत त्याने सगळी नोकरी काढली. नाच शिकवणाऱ्या बाई पुढे उभ्या राहून वाका, ताठ व्हा, वळा म्हणायच्या आणि कोपऱ्यात बसलेला दादा त्या वाकण्या-वळण्याला सूर पुरवायचा. तिथे त्याला सगळे मास्तर म्हणत. प्रत्येक चाल संपवताना तो शेवटची पट्टी एकाच बोटाने दोनदा झटकन वाजवायचा, दारावर हलकी टिचकी मारावी तशी. मुली त्या टिचकीवर पाय जुळवून उभ्या राहायच्या. शाळा सोडून गेलेल्या, लग्न होऊन पोरंबाळं झालेल्या बायका रस्त्यात भेटल्या की अजून त्या टिचकीची आठवण काढतात.

पुढे दादाचे गुडघे कुरकुरायला लागले आणि शाळेचा जिना त्याला चढवेना. तेव्हा बाईंनीच सुचवलं की मास्तर, घरून वाजवून पाठवा, आम्ही इथे लावू. दादाने आधी नाक मुरडलं, पण घरात आयती सोय होती. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, जाहिरातींना संगीत देते. मागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि लांबलचक कीबोर्ड आहे. जन्मली तेव्हा ती एवढीशी होती म्हणून तिला बारकी म्हणायला लागले. आता ती दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी उंच आहे, तरी नाव बारकीच. मी शिवणकाम करून डोळे दमवले आणि या दोघांकडे राहायला आले. तेव्हापासून दुपारी त्या खोलीत तिच्यामागे खुर्ची टाकून बसायचं, हा माझा उद्योग.

तिच्या कॉम्प्युटरात आवाज भरला जात नाही, हे मला कळायला बराच वेळ लागला. तो फक्त एवढंच टिपून ठेवतो की कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात आणि किती वेळ. याला ते लोक मिडी म्हणतात. पडद्यावर प्रत्येक सुराची एक आडवी काडी दिसते. पट्टी जास्त वेळ दाबली तर काडी लांब, पटकन सोडली तर आखूड. आवाज नंतर कॉम्प्युटर स्वतः काढतो. म्हणजे वाजवून झाल्यावरसुद्धा काडी सरकवता येते, कापता येते, पुसता येते. मी म्हटलं, हे बरं आहे, आमच्याकडे एकदा कात्री चालली की कापड गेलं. बारकी हसली होती. तेव्हा ती हसायची.

सुरुवातीला दादाच्या वाजवण्यात तिला काही करावं लागत नसे. मग एके दिवशी तिने मला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. एका ओळीत जिथे एक काडी हवी तिथे दोन होत्या, पहिली नखाएवढी आणि तिला चिकटून दुसरी. दादाचं बोट पट्टीवर एकदा पडायच्या ऐवजी थरथरून दोनदा पडलं होतं. बारकीने सूर तालाच्या रेघेवर आणून बसवले, तर त्या दोन काड्या एकमेकींवर चढल्या. अशा चढल्या की आवाज तुटतो. आखूड काडी संपली की कॉम्प्युटरला वाटतं सूर संपला, आणि तो लांब काडीचाही गळा दाबतो. मग आखूड पुसायची आणि लांब नीट बसवायची. तिने ते केलं आणि मला विचारलं, "आत्या, बाबांच्या हाताला काही होतंय का गं?"

मी चहाचे कप उचलताना पाहिलं होतं. बशी वाजते ते मलाही ऐकू येत होतं. दोघींनी मिळून दादाला डॉक्टरकडे नेलं. तो कंपवातच निघाला. डॉक्टर म्हणाले, बरा होत नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात ठेवता येतो. हात कसा चालतो ते मला दर वेळी नीट सांगत जा, त्यावर गोळ्या कमी-जास्त करू. दादाने मान डोलावली, जणू डॉक्टरच शिकाऊ आहेत आणि हा त्यांची परीक्षा घेतोय.

घरी आल्यावर तो सरळ मागच्या खोलीत गेला आणि म्हणाला, काल वाजवलेलं लाव. बारकीने लावलं. ती ते साफ करून बसली होती. दादाने डोळे मिटून ऐकलं, शेवटची टिचकी आली तशी मांडीवर थाप मारली आणि म्हणाला की डॉक्टर लोकांना दुकान चालवायचं असतं, हात शाबूत आहे. त्याचा चेहरा असा फुलला होता की बारकी माझ्याकडे बघतच राहिली. सांगायचं होतं ते तेव्हाच. पण नुकताच रोगाचं नाव ऐकून आलेल्या बापाला लगेच दुसरा धक्का कोण देणार? ती म्हणाली, हो बाबा, छान आलंय.

तिथून पुढे ते वाढतच गेलं. दादा सकाळी वाजवायचा, जेवून झोपायचा, आणि तो झोपला की बारकी काड्या साफ करायला बसायची. आधी चार-दोन असायच्या. मग ओळीओळीत. मग असे दिवस आले की पडदा बघून वाटावं, कुणीतरी काड्यापेटी उपडी केलीय. मधलं बोट दोनदा पडायचं, करंगळी शेजारच्या पट्टीला धडकायची. एका आज्ञेत सगळ्या चढलेल्या काड्या काढून टाकायची सोय त्या यंत्रात आहे, ती मी विचारून घेतली होती. पण बारकी ती वापरत नसे. ती आज्ञा टिचकीसुद्धा खाऊन टाकायची. दादाने मुद्दाम दोनदा मारलेलं कुठलं आणि हाताने आपोआप मारलेलं कुठलं, हे यंत्राला कळत नाही. म्हणून ती एकेक काडी ऐकून काढायची. पुढेपुढे तिलाही कळेनासं झालं, तेव्हा तिने एक जुनी, धडधाकट टिचकी उचलली आणि प्रत्येक चालीच्या शेवटी ठिगळासारखी लावायला लागली.

दादा संध्याकाळी ऐकायचा आणि खूश व्हायचा. मी बारकीला म्हटलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ही मूठ त्याची आहे, त्याला तरी उघडून दाखव. ती म्हणाली, आत्या, दिवसभरात बाबा तेवढ्याच वेळी हसतात.  मीही तोंडात मिठाची गुळणी धरली.

राग मला आला तो डॉक्टरांकडे. दर वेळी ते विचारायचे, वाजवताना कसं वाटतं? आणि दादा ऐटीत सांगायचा, एक चूक नाही, पाहिजे तर रेकॉर्डिंग पाठवतो. डॉक्टर समाधानाने गोळ्या आहेत तेवढ्याच ठेवायचे. एकदा बारकी मध्येच म्हणाली, बाबा, कप धरताना थरथर वाढलीये, तर तो म्हणाला, कप काय, पियानो वाजवणाऱ्याचा हात पियानोवर बघायचा असतो. बाहेर आल्यावर मी बारकीचा दंड धरून सांगितलं की पोरी, हे आता लाडाचं राहिलं नाही, याने त्याचं औषध अडतंय. ती दोन दिवसांत सांगते म्हणाली. तेवढ्यात शाळेच्या बाईंचा फोन आला.

शाळेचा मोठा कार्यक्रम होता. बाईंनी दादाला सांगितलं की मास्तर, हल्लीच्या तुमच्या रेकॉर्डिंगला तोड नाही, इतकं साफ तुम्ही तरुणपणीही वाजवत नव्हता. या वेळी मुलींना तुमच्या प्रत्यक्ष हातावर नाचू द्या. जिन्याची काळजी करू नका, हॉल तळमजल्यावर आहे. दादाने फोन ठेवला आणि कपाटातून कोट काढून उन्हात टाकला. बारकी स्वयंपाकघरात आली, ओट्याला पाठ लावून खाली बसली आणि म्हणाली, "आता मी काय करू?"

मी म्हटलं, आज सांग. पण तिने सुटकेच्या वाटा शोधल्या. हॉलमध्ये गारठा असतो, बाबा. गर्दीत तुम्हाला दमायला होईल. दादाने एकेक वाट बंद केली. मग ती म्हणाली, निदान आधी तिथल्या पियानोवर सराव करून बघा. तिला वाटलं असावं की जे आपल्या तोंडून निघत नाही ते पियानोच सांगेल. तशी ती भित्री नाही, बापापुढे तेवढी होते.

आम्ही तिघं गेलो. हॉल रिकामा होता, खुर्च्या एकावर एक रचलेल्या होत्या. बाई आणि चार-पाच मुली सरावाच्या कपड्यांत थांबल्या होत्या. दादा जुन्या लाकडी पियानोपुढे बसला, बाह्या सारख्या केल्या आणि सुरू झाला. मला सुरांतलं फार कळत नाही. पण पडद्यावर काड्या बघून बघून माझे कान तयार झाले होते. प्रत्येक अडखळण मला काडीसारखी दिसत होती. पुसायला मात्र इथे कुणी नव्हतं. मुली वाकल्या आणि ताल कुठे धरायचा ते न कळून एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी टिचकी आली ती तीनदा की चारदा वाजली, आणि मुलींनी पाय जुळवलेच नाहीत.

दादा पट्ट्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पट्ट्या अडकतायत. एकदा दाबली की दोनदा वाजते. याला दाखवून घ्या कुणाला तरी."

नाचता येईना अंगण वाकडे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. माझी जीभ तशी सैलच आहे. त्या दिवशी ती मी दातांखाली धरली, कारण दादाच्या कपाळावर घाम होता. बाई फार समजूतदार. हो मास्तर, जुना झालाय तो, उद्याच माणूस बोलावते, म्हणाल्या.

आणि खरंच त्यांनी पियानो लावणारा बोलावला. दादाचा हट्ट की मी समोर उभा राहून काम करून घेणार. आम्ही पुन्हा गेलो. तो माणूस पियानोचं झाकण उघडून आत बराच वेळ वाकून होता, एकेक पट्टी दाबून बघत होता. मग हात पुसत म्हणाला की साहेब, काही बिघाड नाही, उलट फार जपलेला आहे. आणि दादाचा विश्वास बसावा म्हणून त्याने उभ्याउभ्याच, त्या पुसलेल्या हातांनी, एक साधी चाल वाजवली. तो काही मोठा वादक नव्हता. पण प्रत्येक पट्टी एकदाच वाजली. दादा त्याच्या बोटांकडे बघत होता. मग त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि ते कोटाच्या खिशात घातले. घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत.

घरात शिरल्यावर पायातल्या चपलाही न काढता तो मागच्या खोलीत गेला.

"बारके, माझं वाजवलेलं लाव. तू हात लावायच्या आधीचं."

बारकी दारातच थांबली. म्हणाली, "ते नाहीये, बाबा. मी साफ करून त्याच्यावरच सेव्ह करत गेले. वेगळं नाही ठेवलं."

"एकही नाही?"

"परवाचं आहे. त्याला अजून हात नाही लावला."

तिने ते लावलं. दादा उभाच राहिला. मला वाटलं होतं की तो आरडाओरडा करेल, निदान कीबोर्डचा दोष काढेल. तो ऐकत होता. जन्मभर मुलींच्या सरावाला बसलेल्या माणसाची सवय. मध्येच एका अडखळलेल्या जागी तो त्या स्पीकरला हळू आवाजात म्हणाला, सावकाश, घाई करू नकोस. मग कुणाला म्हणतोय ते त्याच्या लक्षात आलं. 

नंतर त्याने आधीच्या महिन्यातलं एक, साफ केलेलं, लावायला सांगितलं. तेही पूर्ण ऐकलं.

"यातलं माझं किती?"

"चाल तुमचीच आहे, बाबा. सगळे सूर..."

"चाल नाही विचारत. वाजवलेलं."

बारकी कॉम्प्युटरकडे बघून बोलत होती, बापाकडे नाही. म्हणाली, "जोर तुमचा आहे. कुठली पट्टी किती जोरात दाबलीत, त्याला मी कधीच हात लावला नाही. वेळ मी लावलाय. लांबीपण मीच."

"आणि टिचकी?"

"ती जुन्यातली उचलून लावलीये."

दादा खुर्चीवर बसला. त्याचे हात आता उघडेच होते आणि मांडीवर थरथरत होते, आणि तो ते लपवत नव्हता. तो म्हणाला, "मला वाटलं, गोळ्या लागू पडतायत."

मी आजवर त्याच्याशी पुष्कळ भांडले, पण त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. बारकी त्याच्या पायाशी बसून रडायला लागली.  मला माझ्या भावाची इतकी दया आली की तिथे उभं राहवेना, म्हणून मी बाहेर जाऊन नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना स्वतः फोन केला. पियानोचं नाव घेतलं नाही, गारठ्याचं नाही. माझा हात गेला, एवढंच म्हणाला. डॉक्टरांनाही त्याने तसंच सांगितलं, आणि डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. आधी कळायला हवं होतं, असं ते जाता जाता म्हणाले, ते बारकीला लागलं. तिने त्या परवाच्या रेकॉर्डिंगला शेवटपर्यंत हात लावला नाही. दादानेही ते पुन्हा मागितलं नाही, आणि कीबोर्डवर कापड पडलं ते पडलंच.

कार्यक्रमात रेकॉर्डिंगच लावायचं ठरलं, मुलींचा सराव त्यावरच झाला होता. दादाने नको म्हणायचा प्रयत्न केला, पण ते हात चांगला असतानाचं आहे असंच बाई धरून चालल्या होत्या, त्यांना कारण काय देणार? बाईंनी आमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवल्या होत्या. दादा तिकडे गेलाच नाही. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून आम्ही बसलो, मधे मी आणि दोन बाजूंना हे दोघे. मुली सुरेख नाचल्या. शेवटी टिचकी आली की सगळ्यांचे पाय एकदम जुळत होते, आणि प्रत्येक वेळी माझ्या शेजारी बारकी खाली मान घालत होती.

मध्ये बाई रंगमंचावर आल्या. म्हणाल्या की आज ज्यांच्या हातांवर या मुली नाचतायत ते मास्तर आपल्यात बसले आहेत. इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या या वाजवण्यात एक चूक सापडत नाही. मास्तर, जिथे असाल तिथे उभे राहा. आणि टाळ्या सुरू झाल्या. जुन्या मुलीही आल्या होत्या, त्या तर उभ्या राहून वाजवत होत्या, मान वळवून शोधत होत्या.

दादा समोर बघत बसला. मग माझ्या अंगावरून झुकून म्हणाला, "ऊठ, बारके. तुझ्या आहेत."

"मी काय वाजवलंय, बाबा?" ती म्हणाली.

"मग मी काय वाजवलंय?"

टाळ्या चालूच होत्या. मी दोघांच्याही कोपराला हात घातला होता. एरवी मी कुणालाही कुठेही ढकलून उभं करते, एवढी माझी ख्याती आहे, पण कुणाला उठवू ते मला कळेना. दादाच्या कोपरातली थरथर माझ्या हातात येत होती आणि दुसऱ्या बाजूला बारकीही तशीच कापत होती.

टाळ्या हळूहळू विरळ झाल्या. बाईंनी डोळ्यांवर आडवा हात धरून अंधारात पाहिलं, थोडा वेळ वाट बघितली.

"मास्तर आज आलेले दिसत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या मुली रंगमंचावर आल्या. पियानो सुरू झाला. त्यात एकही चूक नव्हती.